पान्याकडून सुईकडे

वसईत नवी गाडी घरी आली, देवळात किंवा चर्चमध्ये नेऊन तिच्यावर आशीर्वाद घेतला, की पुढच्या रविवारी ती अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानासमोर उभी असते. सीट कव्हर, मॅट, म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा. गोखिवऱ्याच्या रस्त्यावरचं माझं दुकान याच कामांवर चालतं. पण या सगळ्यांत स्टेअरिंगचं काम वेगळं. सीट कव्हर हवं असलेलं गिऱ्हाईक रंग विचारतं, भाव विचारतं. स्टेअरिंग हवं असलेला माणूस दोन्ही हात हवेत धरून दाखवतो. "दादा, असं हातात भरलं पाहिजे." त्या हवेतल्या हातांकडे बघून मला बरंच कळतं. हात किती उंच धरलेत, कोपर किती वाकलंय, मुठी घट्ट आहेत की सैल.

मी हे काम शिकलो तेव्हा आमच्या भागातल्या गाड्यांवर एमएच-०४ असायचं, ठाण्याचं. वसईचं एमएच-४८ नंतर आलं. रस्त्यावर मारुती ८००, झेन, एस्टीम आणि उरल्यासुरल्या पद्मिनी होत्या. मारुती ८०० चं मूळचं स्टेअरिंग पातळ, काळ्या प्लॅस्टिकचं. पावसाळ्यात हात ओला झाला की सटकायचं, मे महिन्यात तापलं की धरवायचं नाही. शिवाय आमच्याकडे समुद्राची हवा. अर्नाळा, राजोडी, कळंब, सुरुचीची बाग, नायगावकडची मिठागरं. खारटपणा कुठूनही येतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या स्टेअरिंगचा वरचा अर्धा भाग काही वर्षांत चिकट होतो, मग त्याची साल निघू लागते. तेव्हा हौसेने स्टेअरिंग बदलणारे होते, तसे केवळ हाताला काळं लागतं म्हणून बदलणारेही होते.

काम दिसायला सोपं. मधलं हॉर्नचं पॅड काढलं की आत एक नट दिसतो. बहुतेक जपानी बनावटीच्या गाड्यांत १७ किंवा १९ नंबरचा. तो नट स्टेअरिंगला खालच्या दांड्यावर धरून ठेवतो. दांड्याच्या टोकाला बारीक उभे दाते असतात आणि स्टेअरिंगच्या मध्यातले दाते त्यांत बसतात. चालवणाऱ्याच्या हातांपासून पुढच्या चाकांपर्यंत जाणारा सगळा जोर या दात्यांतून जातो.

माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं, ते मी आजही नव्या पोराला तसंच सांगतो. आधी गाडी सरळ चालवून आण आणि चाकं सरळ असतानाच थांब. दांडा आणि स्टेअरिंग दोन्हींवर मिळून एकच रेघ मार, पांढऱ्या रंगाची. नट सैल कर, पण पूर्ण काढू नकोस. दोन आटे शिल्लक ठेव. नट पूर्ण काढून स्टेअरिंग ओढत बसलं की घट्ट बसलेलं स्टेअरिंग अचानक सुटतं आणि ओढणाऱ्याच्या तोंडावर येतं. दोन आटे शिल्लक असले तर ते नटापाशीच अडतं. आणि काहीही झालं तरी दांड्यावर हातोडी मारायची नाही. स्टेअरिंग ओढून काढणारा पुलर लावायचा. अपघातात छातीवर जोर येऊ नये म्हणून बऱ्याच गाड्यांचा हा दांडा दबून आत जाईल असा बनवलेला असतो. हातोडीच्या घावाने त्यातली नाजूक जोडणी आधीच निकामी होऊ शकते, आणि बाहेरून काही दिसत नाही.

बाजारातलं स्टेअरिंग थेट दांड्यावर बसत नाही. मध्ये बॉस किट लागतं. त्याच्या एका बाजूला त्या गाडीचे दाते आणि दुसऱ्या बाजूला स्टेअरिंगसाठी सहा बोल्टांची भोकं. ही सहा भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास मोमो कंपनीच्या पद्धतीत ७० मिलिमीटर, नार्डी कंपनीच्या पद्धतीत ७४. फरक चार मिलिमीटरचा. आमच्या वसईची बरीच माणसं नोकरीनिमित्त आखातात असतात. त्यांपैकी एक गृहस्थ सुट्टीवर येताना बॅगेत लाकडी नार्डी घेऊन आले होते, एस्टीमला लावायला. अक्रोडी रंगाचं, हात फिरवत राहावं असं देखणं स्टेअरिंग. हाताशी असलेलं बॉस किट ७० चं होतं. ते म्हणाले, "भाऊ, भोकं थोडी कानसून घ्या ना, बसेल." बसलं असतंही. पण कानसलेल्या लांबट भोकात बोल्ट आपल्या जागी राहत नाही, वळणावळणाला थोडा थोडा सरकतो. मी त्यांना आठवडाभर थांबायला सांगितलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दोन्ही मापांची भोकं असलेलं किट आणलं, तेव्हाच ते स्टेअरिंग चढलं. हॉर्नच्या बटणाला वेगळी अर्थिंगची वायर ओढली. हॉर्न दोन्ही टोकांना पूर्ण कट मारूनही वाजला पाहिजे. नुसता सरळ स्टेअरिंगवर वाजून उपयोगाचा नाही.

हॉर्नइतकंच इंडिकेटरकडे बघावं लागतं. वळण घेऊन स्टेअरिंग सरळ झालं की इंडिकेटर आपोआप बंद होतो, कारण स्टेअरिंगच्या मागचा एक कान त्याला परत ढकलतो. स्वस्त बॉस किटला हा कान नसतो. मग गाडी सातिवलीला वळते आणि इंडिकेटर चालू ठेवूनच अहमदाबाद महामार्गावर निघते. मागून कंटेनर येत असतो आणि त्याला वाटतं, ही गाडी वळणार आहे. याखेरीज बॉस किटमुळे स्टेअरिंग चालवणाऱ्याकडे पुढे येतं, दांड्यामागच्या काड्या मात्र आपल्याच जागी राहतात. वायपरच्या काडीपर्यंत बोट पोहोचतंय का, हे गिऱ्हाइकाला सीटवर बसवूनच बघायचं. जुलैच्या पावसात वायपर शोधायला हात स्टेअरिंगवरून काढावा लागणं बरं नव्हे.

शेवटी नट आवळायचा तो टॉर्क रेंचने. छोट्या गाड्यांत हा आकडा बहुधा ३० ते ५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यायचा. मग वसई फाट्यापर्यंत फेरी. वळण संपल्यावर स्टेअरिंग स्वतःहून सरळ येतं का, सरळ रस्त्यावर त्याची आडवी दांडी आडवीच राहते का, स्पीडोमीटरचा काटा कडेमागे झाकला जात नाही ना, हे तिथे कळतं.

या कामाने मला माणसाच्या शरीराकडे बघायला शिकवलं. एसटीतून निवृत्त झालेले एक काका त्यांची मारुती ८०० घेऊन आले होते. आयुष्यभर बसचं मोठं, आडवं स्टेअरिंग फिरवून उजवा खांदा दुखरा झालेला. बोटांच्या पेरांनाही सूज. त्यांच्या मुलाने त्यांच्यासाठी छोटं, ३४० मिलिमीटरचं स्टेअरिंग निवडलं होतं. छोटं म्हणजे हलकं, असा त्याचा समज. प्रत्यक्षात उलट असतं. स्टेअरिंग फिरवायला लागणारा जोर व्यासावर अवलंबून असतो. ३८० चं काढून ३४० चं लावलं की तेवढ्याच वळणाला सुमारे १२ टक्के जास्त ताकद लागते. त्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नव्हतं, म्हणजे तो सगळा भार काकांच्या खांद्यावर पडणार होता. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत हा फरक फारसा जाणवत नाही, म्हणून लोकांच्या लक्षातही येत नाही.

मी काकांना मुठी वळायला सांगितल्या. पातळ कड धरताना बोटं पूर्ण मिटावी लागतात आणि सुजलेल्या पेरांना तेच दुखतं. त्यांना व्यास मूळचाच आणि कड जाड असलेलं स्टेअरिंग हवं होतं. १९६४ साली जियानपिएरो मोरेत्ती नावाच्या इटालियन रेसिंग ड्रायव्हरने स्वतःच्या गाडीसाठी नेहमीपेक्षा जाड कडेचं स्टेअरिंग बनवून घेतलं. त्याच वर्षी जॉन सर्टीझने ते आपल्या फेरारीवर वापरलं आणि तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. मोरेत्ती आणि मोन्झाचा ट्रॅक, यांवरून मोरेत्तीच्या कंपनीचं नाव मोमो पडलं. मोन्झाच्या ट्रॅकवर शर्यत जिंकणाऱ्याला जी जाड कड उपयोगी पडली, तीच आमच्या वसईच्या निवृत्त चालकालाही उपयोगी पडली. हाताची पकड दोन्हीकडे सारखीच. काका फेरी मारून आले आणि त्यांनी बोटं उघडून-मिटून मला दाखवली. त्या कामाचा आनंद वेगळा होता.

मग एअरबॅग आली. महागड्या गाड्यांत ती आधीपासून होती, पण १ जुलै २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, आणि स्टेअरिंगच्या मध्यातलं हॉर्नचं साधं पॅड इतिहासजमा झालं. आता तिथे घडी घातलेली नायलॉनची पिशवी आणि ती फुगवणारं रसायन असतं. धडक बसली की मधल्या कन्सोलखालचा कंट्रोल युनिट तो झटका ओळखतो, क्लॉक स्प्रिंग नावाच्या गुंडाळलेल्या पट्टीतून वीज स्टेअरिंगपर्यंत पोहोचते, आणि सेकंदाच्या तीसेक हजारांश भागात पिशवी फुगते. पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आजच्या गाडीचं स्टेअरिंग काढून बाजारातलं लावायचं, म्हणजे ही पिशवी काढून टाकायची. बाजारच्या स्टेअरिंगमध्ये एअरबॅग नसते. पण गिऱ्हाइकाचे हवेत धरलेले हात बदलले नाहीत. नालासोपाऱ्याहून एक तरुण नवी कोरी हॅचबॅक घेऊन आला होता. पगारातून साठवलेल्या पैशांनी घेतलेली गाडी, डोळ्यांत चमक. त्याला ३२० चं, खोलगट, लाल टाक्यांचं स्टेअरिंग हवं होतं. मी एअरबॅगचं सांगितलं, तर म्हणाला, "दादा, बाजूच्या दुकानात करून देतात. लाइटही लागत नाही."

लाइट का लागत नाही, हे मला माहीत आहे. एअरबॅग काढली की मीटरवर एसआरएसचा, म्हणजे एअरबॅग यंत्रणेचा, दिवा पेटतो; तो विझवायला एअरबॅगच्या जागी छोटासा रेझिस्टर जोडतात. कंट्रोल युनिटला वाटतं, पिशवी जागेवर आहे. गाडीला फसवणं एकवेळ सोडा; पुढे ती गाडी विकत घेणारा माणूस, त्याची बायको, त्याचा मुलगा दिवा विझलेला बघून निर्धास्त बसतात. दिवा पेटता ठेवला तरी प्रश्न सुटत नाही. बऱ्याच गाड्यांत एका ठिकाणी बिघाड दिसला की कंट्रोल युनिट सगळी यंत्रणाच बंद ठेवतो, म्हणजे शेजारच्या सीटची एअरबॅगही हमखास उघडेल असं राहत नाही. चालकाने स्वतःपुरता धोका पत्करला असं म्हणायची सोय त्यात नाही.

कायदाही मी त्याला सांगितला. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते कलम ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेले भाग बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. पण खरं सांगायचं तर कायद्याचं ऐकून माणूस फक्त पोलिसांपासून लपायचा मार्ग शोधतो. म्हणून मी त्याला गाडीत बसवलं, पाठ सीटला टेकवायला सांगितली आणि स्टेअरिंगपासून छातीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. एअरबॅग नीट काम करायला ते निदान २५ सेंटिमीटर लागतं. मग सांगितलं, "आता तू मागितलेलं स्टेअरिंग लावलं तर हे अंतर कमी होईल, आणि मध्ये पिशवीही नसेल. असेल फक्त लोखंडाचा हब आणि सहा बोल्ट." तो बराच वेळ त्या टेपकडे बघत होता.

एअरबॅगची भीती आणि आदर, दोन्ही मला जुलै २०१८ च्या पुराने शिकवले. त्या पावसात वसई-विरार पाण्यात गेलं, लोकल थांबल्या, मिठागरांतल्या वस्त्या वेढल्या गेल्या. पाणी ओसरल्यावर गाड्यांची रांग लागली. पुराचं पाणी स्टेअरिंगपर्यंत सहसा चढत नाही, पण एअरबॅगचा कंट्रोल युनिट सीटांच्या मध्ये खाली असतो आणि तो बुडतो. काही गाड्यांवर दिवा लगेच पेटला, काहींवर गंज चढल्यावर, महिन्यांनी. लोक म्हणायचे, "दिव्याचं काय एवढं, गाडी चालतेय ना?" मी अशा गाड्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवत होतो. ते काम माझं नव्हतं. एअरबॅगची वायर टेस्ट लॅम्प लावून तपासायची नाही, बॅटरी काढल्यावर पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्याशिवाय पॅडला हात लावायचा नाही, काढलेलं पॅड तोंड वर करूनच ठेवायचं, भंगारातली एअरबॅग कुणाच्याही गाडीत बसवायची नाही, हे नियम तेव्हापासून दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत आहेत.

नकार देऊन पोट भरत नाही. गिऱ्हाइकाची गरज खोटी नव्हती: हात सटकतो, साल निघते, पकड पातळ आहे. त्याला उत्तर द्यायला हवं होतं. ते मला सीट कव्हर शिवणाऱ्या एका कारागिराने दिलं. त्याने धारावीहून जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं चामडं आणलं आणि स्टेअरिंग जागेवरून न हलवता, एअरबॅगला स्पर्शही न करता, कड शिवून दाखवली.

यात पाना लागतच नाही. कडेवर कागद गुंडाळून माप काढायचं, दांड्यांच्या जागी खाचा पाडायच्या, चामड्याच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर भोकं मारायची. मग मेण लावलेला जाड नायलॉनचा दोरा आणि वाकडी सुई. चामडं किंचित तोकडंच कापायचं, म्हणजे ताणून शिवल्यावर ते कडेला घट्ट चिकटतं. सैल शिवलं तर वळणावर हाताखाली फिरतं, आणि तयार मिळणारी रबरी कव्हरं याच कारणासाठी मी लावत नाही. शिवण नेहमी आतल्या बाजूला, तळहात जिथे टेकतो तिथे टाका येऊ द्यायचा नाही. कड जाड हवी असेल तर चामड्याखाली पातळ फोम घालायचा. एसटीच्या काकांना जी पकड लागली, तशी आता मूळ स्टेअरिंगवरच मिळते. मधल्या पॅडला काही लावायचं नाही. चामडं नाही, चकचकीत बिल्ला नाही, स्टिकर नाही. पिशवी त्या पॅडची शिवण फाडून बाहेर येते, आणि त्यावर चिकटवलेली वस्तू तोंडावर उडते.

डॅशबोर्डवरच्या देवांचाही मी इथेच विचार करतो. आमच्याकडे गणपती असतो, क्रूस असतो, साईबाबा असतात, आणि बऱ्याचदा ते नेमके शेजारच्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेले असतात. मी हात जोडतो आणि मालकाला विचारून त्यांना मधोमध, झाकणापासून दूर बसवतो. आजवर कुणी याला नाही म्हटलेलं नाही.

शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणाऱ्या एक ताई विरारहून येतात. त्यांच्या तळहातांना खूप घाम येतो, म्हणून त्यांच्यासाठी बारीक छिद्रांचं चामडं वापरलं. सुरुवातीला त्यांनी विचारलं होतं, "भाऊ, अख्खं स्टेअरिंगच बदलून टाकलं तर?" आता त्यांच्यासोबत बसणाऱ्या मुलांच्या पालकांना त्या स्वतः एअरबॅगबद्दल सांगतात. त्यांनी पाठवलेली दोन-तीन गिऱ्हाइकं चामड्याचंच काम घेऊन आली.

पाना मी टाकून दिलेला नाही. बंगल्यांच्या आवारात झाकून ठेवलेल्या पद्मिनी आणि ११८ एनई अजून सांडोर, निर्मळ, भुईगावात आहेत. त्या गाड्यांत एअरबॅग नव्हतीच. तिथे चांगलं बॉस किट, खऱ्या कंपनीचं स्टेअरिंग, इंडिकेटरचा कान आणि योग्य टॉर्क एवढं पाळून नवं स्टेअरिंग लावता येतं, आणि ते काम मी आनंदाने करतो. मात्र नामांकित कंपन्यांची नावं छापलेल्या स्वस्त नकला तिथेही लावत नाही. त्यांच्या आतला सांगाडा पातळ असतो, दांडीच्या मुळाशी चीर जाते.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं सुरुवातीला पाना मागतात. त्यांना मी सुई देतो, भंगारातल्या स्टेअरिंगवर आठवडाभर शिवायला लावतो, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सीटवर बसवून अंतर मोजायला शिकवतो. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना एअरबॅग शिकवली जाते तशी ती आमच्यासारख्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदारांनाही शिकवली पाहिजे, कारण नवी गाडी घेणारा माणूस सगळ्यात आधी आमच्याकडे येतो, आणि त्याच्या गाडीत काय बदलू नये हे सांगणारा पहिला माणूसही आम्हीच असतो. चालवणाऱ्याचे हात सुखात राहिले पाहिजेत आणि त्याची छाती सुरक्षित राहिली पाहिजे. ज्या कामात यांतली एक जरी गोष्ट बसत नसेल, ते काम घ्यायचं नाही. त्याची मजुरी शेजारच्या दुकानात गेली तरी जाऊ द्यायची.